कपाटामागचं गाव

"तात्पुरतं इथेच राहू दे," असं मी त्या कपाटाबद्दल म्हणालो आणि तिथून सगळं सुरू झालं. तात्पुरतं या शब्दावर माझा फार विश्वास. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाचा असतोच. (आमच्या कचेरीतला एक तात्पुरता हीटर माझ्या आधी नोकरीला लागला आहे आणि बहुधा माझ्यानंतरच निवृत्त होईल.)

कपाट माझ्या मावशीचं. ओकच्या लाकडाचं, भरभक्कम, येणाऱ्या बाळाच्या कपड्यांसाठी तिने मोठ्या प्रेमाने दिलेलं. देशाच्या पश्चिमेकडच्या डेल्फ्ट शहरातून टेम्पोत घालून ते या गावात आणलं आणि मग लक्षात आलं की ते जिन्यातून वर जाणार नाही. आमच्या देशातले जिने म्हणजे जिना म्हणवून घेणाऱ्या शिड्याच. सामान उचलणाऱ्या माणसांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि कपाट स्वयंपाकघरात सोडून ते कॉफी न घेताच निघून गेले. स्वयंपाकघरात त्याच्या मापाची एकच जागा होती, ती मागच्या दाराला अगदी चिकटून. या दारापलीकडे एक छोटीशी पडवी आणि पडवीला बागेत उघडणारं आणखी एक दार.

"मग मागच्या दाराचं काय?" हेस्टरने विचारलं.

मी म्हटलं, पुढे दार आहे की. आपण दोन माणसं, एका दाराने येऊ, त्याच दाराने जाऊ. दोन दारं लागायला आपण काय रेल्वे स्टेशन आहोत?

हेस्टर म्हणजे माझी बायको. तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता. माझं नाव टाइस. मी पाणी खात्यात कारकून आहे. कालवे, नाले, चर यांच्याबद्दल नागरिकांच्या तक्रारी येतात, त्यांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. "पाहणी केली असता दुर्गंधी आढळून आली नाही," हे वाक्य माझ्याइतक्या सफाईने कोणी लिहीत नाही, असं खुद्द साहेब म्हणाले होते. त्याचंच फळ म्हणून मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली, देशाच्या पार पूर्व टोकाला, जिथून सायकल थोडी जोरात मारली तर माणूस जर्मनीत जाऊन पडतो.

नव्या घराला बाग होती, मोठी खिडकी होती, हवा चांगली होती. माणसं तेवढी नव्हती. डेल्फ्टला हेस्टरची आई होती, बहीण मारित होती, खालच्या मजल्यावर मैत्रीण होती. इथे मी होतो. (मी पुरेन असं मला वाटलं होतं.) निघताना तिने एकच अट घातली. बाळाची वेळ जवळ येईपर्यंत इथे मन मोकळं करायला तिला एक तरी माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर ती बाळंतपणाला मारितकडे जाणार आणि पुढचं पुढे बघू. हेस्टर "पुढचं पुढे बघू" म्हणाली की ते तिने तेव्हाच बघून झालेलं असतं. तरी मी अट मान्य केली. एवढ्या मोठ्या गावात एक माणूस मिळणं म्हणजे काय मोठीशी गोष्ट, असं माझं गणित होतं.

पहिल्याच आठवड्यात एक बारीकसा प्रसंग घडला, तो सांगून टाकतो. हेस्टर वर पडून होती, मी खाली रेडिओ लावून बटाटे सोलत होतो. एवढ्यात कुठूनतरी हाक आली, "आहे का कोणी घरात?" पुढची घंटा वाजली नव्हती. आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटला. धर्मप्रचाराला आलेले नाहीतर काहीतरी विकायला आलेले असणार, हे मी लगेच ओळखलं. रेडिओ बंद केला आणि हातात सोललेला बटाटा घेऊन श्वास रोखून उभा राहिलो. आमच्या पश्चिमेकडे हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. हाक आणखी एकदोनदा आली, थांबली, मग मी रेडिओ लावला. हेस्टरला सांगण्याइतकी ही गोष्ट मला मोठी वाटली नाही.

त्यानंतर मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. हेस्टर पुढच्या खिडकीत लोकर घेऊन बसायची. उजवीकडच्या शेतघरात योहानाबाई आणि हेर्मराव असं साठीचं जोडपं राहतं, एवढं आम्हाला त्यांच्या टपालपेटीवरून कळलं होतं. योहानाबाई सायकलवरून जाऊ लागल्या की हेस्टर हात हलवायची. त्या मान हलवायच्या, जरा हळू व्हायच्या आणि निघून जायच्या. पुढच्या दाराला मी नवी घंटा बसवली होती. ती चालते की नाही बघायला मी एकदा बाहेर जाऊन ती वाजवली. हेस्टर आतून जवळजवळ धावत आली, केस सारखे करत, आणि दारात मला पाहून तिचा चेहरा असा काही उतरला की पुन्हा ती घंटा वाजवायची मला हिंमत झाली नाही.

मी तिला समजावलं. म्हटलं, गावाकडची माणसं बुजरी असतात. आणि एका अर्थी बरंच आहे, कोणाचं मिंधं राहायला नको. आमच्याकडे सख्ख्या भावाकडे जायचं तरी तारीख ठरवून जातात, कॉफीबरोबर एक बिस्किट हातावर ठेवलं की डब्याचं झाकण बंद होतं, आणि जग सुरळीत चालू राहतं. हेस्टर सुया घेऊन विणत राहिली. मोज्याची लांबी बघता आमचं बाळ साधारण माझ्या उंचीचं होणार होतं.

मग वास सुरू झाला.

आधी तो फक्त हेस्टरला येत होता. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ती नाक दाबायची. मी शांतपणे सांगितलं की गरोदरपणात नाक तिखट होतं, प्रत्यक्षात वास नसतो. हे मी अशा सुरात सांगितलं की तिने विचारलं, याखाली सही कुठे करू? पुढे तो मलाही येऊ लागला, पण आता माघार कशी घेणार? मी गुपचूप मोरीत सोडा ओतला, फ्रिज पुढे ओढून पाहिला, फरशीखाली उंदीर मेला असेल म्हणून एक फळी उखडली. खाली उंदीर नव्हता. फळी पुन्हा नीट बसली नाही, तेव्हापासून तिथे पाय ठेवला की ती म्हातारीसारखी कण्हते.

असं करता करता दिवस भरत आले. इल्से नावाची हसतमुख सुईण तपासायला यायची. सगळं उत्तम आहे, बाळंतपण घरी करायला हरकत नाही, फक्त पलंग उंच हवा, असं ती म्हणाली. हा आमच्याकडचा कडक नियम. पलंग ठेंगणा असेल तर बाळंतिणीची काळजी घ्यायला येणारी नर्स वाकून वाकून कंबर मोडून घेईल, म्हणून पलंग ठोकळ्यांवर चढवायचा. "करून घ्या शेजाऱ्यांकडून," इल्से सहज म्हणून गेली. हेस्टर खिडकीबाहेर बघत राहिली.

इल्से गेल्यावर तिने सांगितलं की मारितने तिकडे पलंग उंच करून ठेवला आहे. शनिवारी दुपारी ती गाडी घेऊन येते आहे.

मी म्हटलं, अगं, मी आहे ना.

"टाइस, मी रागावलेली नाहीये," ती म्हणाली. "एकटी पडलेय. तू कचेरीत गेलास की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. पोटात बाळ लाथा मारतं, तर हात लावून बघायला एक बाई नाही इथे. असं नाही राहवत मला."

मला खूप वाईट वाटलं. आणि पुरुषाला खूप वाईट वाटलं की तो एखादी जड वस्तू उचलायला जातो.

शनिवारी सकाळी, मारित यायच्या आत, पलंग उंच करून हेस्टरला दाखवायचा असं मी ठरवलं. पलंग तयार दिसला की ती म्हणेल, टाइस, तू एकटा दहा शेजाऱ्यांना भारी आहेस, मी कुठे जाऊ? ठोकळे नव्हते. पण बिअरचे क्रेट पलंगाखाली लावतात हे मी ऐकलं होतं. रिकामे क्रेट डळमळतील म्हणून भरलेले आणले. (मी बिअर पीत नाही. दुकानातली मुलगी म्हणाली, मजा आहे बुवा तुमची.) हेस्टर खाली बॅग भरत होती. मी वर जाऊन दार लोटून घेतलं.

पहिले तीन पाय कसे चढले ते मला सांगता येणार नाही, पण चढले. चौथ्या पायापाशी हात संपले. तेव्हा मी विचार केला (इथेच चुकलो, विचार करायला नको होता) की पलंगाखाली शिरून पाठीने तो कोपरा उचलावा आणि क्रेट पायाने आत सरकवावा. शिरलो, उचलला, पाय लांब केला. क्रेट उलट दिशेने गेला. समोरचा क्रेट कलंडायला लागला, बाटल्या किणकिणल्या, आणि अख्खा पलंग, गादी, उशा, मावशीने दिलेली पिसांची दुलई, हे सगळं माझ्या पाठीवर येऊन स्थिर झालं. मी गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवा. हललो असतो तर समोरचा क्रेट गेला असता, क्रेट गेला असता तर पलंग, आणि पलंगाबरोबर मी.

आवाज ऐकून हेस्टर वर आली. तिने वाकून पाहायचा प्रयत्न केला, पण तिला वाकता येत नव्हतं. त्यामुळे आमचं बोलणं तिच्या सपातांशी झालं. आधी ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिला कळलं की मी खरंच अडकलो आहे. ती पलंगाला हात लावायला गेली तसा मी ओरडलो की तू काही उचलायचं नाहीस. अग्निशमन दलाला फोन करते म्हणाली, तर मी म्हटलं, नको, आमच्या खात्यात त्यांचे लोक येतात. इल्सेचा फोन लागेना. शेवटी सपाता वळल्या. "कोणाला तरी आणते," असं म्हणून ती खाली गेली आणि पुढचं दार आपटल्याचा आवाज आला.

पुढे काय झालं ते मला मागाहून कळलं, पण ते इथेच सांगितलेलं बरं. हेस्टर उजवीकडच्या शेतघरी गेली आणि तिथल्या पुढच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली. आता या भागात पुढच्या दाराने कोणी जात नाही. माणसं मागून येतात, दार ढकलून, आत शिरताना हाक मारत. पुढचं दार वापरायचं ते लग्नात आणि मयतीला. योहानाबाईंच्या घरातलं तर हेर्मरावांच्या आईला बाहेर नेलं त्यानंतर उघडलंच नव्हतं. थापा ऐकून योहानाबाईंनी छातीवर हात ठेवला, ॲप्रन काढला, काळा कोट अंगावर चढवला. फुगलेलं दार हेर्मरावांनी आतून लाथा घालून उघडलं. समोर सपाता घातलेली, भरल्या पोटाची, रडवेली हेस्टर.

"कोण गेलं गं पोरी?" योहानाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. माझा नवरा पलंगाखाली आहे."

"जिवंत आहे?"

"हो."

"मग आधी आत ये. बस. कॉफी घे."

आणि हेस्टर बसली. ती माझ्यासाठी मदत आणायला गेली होती, पण एक कप झाला, दुसरा झाला, बिस्किटांचा डबा उघडाच राहिला आणि तिला एकदम रडू फुटलं. योहानाबाईंनी खुर्ची जवळ ओढून तिच्या पोटावर हात ठेवला. बाळाने लाथ मारली. मग दोघी रडल्या. हेर्मराव हे बघून बाहेर गेले आणि गावातल्या पुरुषांना फोन लावत सुटले. इकडे मी ओणवा राहून गुडघ्याखालच्या फळीची नक्षी पाठ करत होतो.

शेवटी खालून आवाज आले. खूप माणसं होती. पण येत होती भलत्याच बाजूने, मागच्या. पडवीचं दार उघडलं, कोणीतरी नेहमीची हाक मारली, मग स्वयंपाकघराचं दार ढकललं, ते हलेना. आत काहीतरी आडवं पडलंय, एकजण म्हणाला. तोच पडलाय, दुसरा म्हणाला. मी वरून जीव खाऊन ओरडलो की पुढून या. गादीखालून माझा आवाज त्यांच्यापर्यंत जो काही पोहोचला त्यावरून मी शेवटच्या घटका मोजतोय असा त्यांचा समज झाला, आणि सगळ्यांनी मिळून खांदा लावला. मावशीचं कपाट आधी कुरकुरलं, मग चालू लागलं, मग प्रचंड आवाज करून आडवं झालं. आणि माणसं जिन्यावर दिसायच्या आधी वास वर आला. मोरी नाही, उंदीर नाही. काहीतरी फार जुनं, फार हिरवं आणि अगदी मोकळं सुटलेलं.

मग गमबूट काढून ठेवलेले बरेच लोकरी मोजे खोलीत आले. त्यातला एक जोड जवळ आला आणि एक तांबूस चेहरा पलंगाखाली डोकावला.

"नमस्कार शेजारी. मी हेर्म."

"मी टाइस," मी म्हटलं. त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. माझे दोन्ही हात कामात होते, म्हणून त्यांनी माझं कोपर धरून हलवलं.

त्यांनी पलंग असा उचलला जणू तो कागदाचा आहे. मी बाहेर आलो तो तसाच ओणवा, कारण सरळ होता येत नव्हतं. हेर्मरावांनी क्रेटकडे पाहिलं आणि बिअर भरलेली आहे का असं काळजीने विचारलं. हो म्हटल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल प्रथमच आदर दिसला. एकजण जाऊन खरे लाकडी ठोकळे घेऊन आला. या ठोकळ्यांवर गावातली बहुतेक सगळी मुलं जन्मली आहेत, असं कळलं. ते कोणाच्या मालकीचे हे कोणालाच माहीत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतात, आणि गेला महिनाभर ते हेर्मरावांच्या गोठ्यात आमच्यासाठी धुऊन ठेवलेले होते.

मी खाली आलो. पडवीतल्या फळीवर सगळं मांडलेलं होतं. फ्लॉवरचा गड्डा होता, म्हणजे एके काळी होता. कांद्याच्या पातीसारख्या जाड लीकची जुडी, ताकाची बाटली, डब्यात पॅनकेक, अंडी, आणि एका पिशवीत बाळाची विणलेली टोपी. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात गावाने हे आणून ठेवलं होतं. आम्ही ते उचललं नाही तेव्हा गाव आणायचं थांबलं. मी आयुष्यात प्रथमच लिहिलं असतं की पाहणी केली असता दुर्गंधी आढळून आली.

एवढ्यात बागेतून योहानाबाई आणि हेस्टर आल्या. हेस्टरच्या अंगावर योहानाबाईंचा तो काळा कोट होता. तिने आडव्या कपाटाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, टोपी उचलून हातात घेतली. मग माझ्याकडे वळली.

"टाइस, रेडिओ कोणी बंद केला?"

स्वयंपाकघरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कमरेत वाकलेलाच होतो, त्यामुळे ते मान खाली घातल्यासारखं आपोआपच दिसलं.

"मी," मी म्हटलं. "मला वाटलं, काहीतरी विकायला आलेत."

कोणी हसलं नाही. योहानाबाई म्हणाल्या, "मी तीनदा हाक मारली हो. आत गाणं चाललं होतं ते बंद झालं. मी घरी जाऊन हेर्मला म्हटलं, आपण नकोसे आहोत त्यांना. रोज हिच्या पोटाकडे बघत सायकलवरून जायची मी. थांबावंसं वाटायचं. पण ज्याने दार लावून घेतलं त्याच्याकडे कसं जायचं?"

मी माफी मागितली. नीट मागितली, कंसात काही न घालता. हेस्टर माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग होता तसं आणखीही काहीतरी होतं, कारण थोड्या वेळाने ती हातातली वास मारणारी टोपी तोंडावर धरून हसायला लागली आणि मग कोणालाच आवरेना. हेर्मरावांनी तेवढ्यात पहिली बाटली उघडली. या भागात उजवीकडचं घर म्हणजे पहिला शेजार, सुखदुःखात आधी त्याने धावायचं असतं, नवीन माणसाने फक्त एकदा सगळ्यांना घरी बोलावून पाजायचं असतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ते माझ्याकडून आता होतच होतं.

दुपारी सगळे असे बसले असताना पुढची घंटा वाजली. खोली एकदम गप्प झाली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. योहानाबाईंनी हेस्टरचा हात धरला. मी जाऊन दार उघडलं तर गाडीची किल्ली फिरवत मारित उभी.

"चला, तयार आहे ना?" असं म्हणत ती आत आली आणि थबकली. तिची एकटी पडलेली, खिडकीत बसून झुरणारी बहीण टेबलाच्या टोकाला बसली होती, दोन बायका तिच्या पायांना उशी लावत होत्या, तिसरी तिच्या पोटाच्या आकारावरून मुलगी होणार हे सिद्ध करत होती, चौथी ते खोडून काढत होती, आणि एक अनोळखी माणूस भरलेली बॅग परत वर घेऊन चालला होता. हेस्टर म्हणाली, मारित, बस ना, कॉफी घे. मारित संध्याकाळपर्यंत बसली. जाताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली की हिच्या फोनवरून मला वाटलं होतं तू हिला वाळवंटात आणून टाकलं आहेस.

मुलगी पुढच्या आठवड्यात उजाडता उजाडता झाली. मी हजर होतो. हेस्टरचा डावा हात माझ्याकडे होता आणि उजवा योहानाबाईंकडे. ऐन वेळी हेस्टरने माझा हात झटकून टाकला, कारण कळा तिला येत होत्या आणि हात मी आवळत होतो. इल्से म्हणाली की वडिलांना कोणीतरी खुर्ची द्या. मग ते लालबुंद, चिडलेलं, ओलं गाठोडं माझ्या हातात आलं आणि मी इतका रडलो की योहानाबाईंनी बाळ काढून घेतलं, भिजेल म्हणून.

त्यानंतरचे दिवस माझं घर माझं राहिलं नाही. सकाळी मी खाली उतरावं तर चुलीवर कोणाचं तरी सूप उकळत असायचं. बाळाच्या लंगोटांची दोरी मी बांधली ती कोणीतरी सोडून नीट बांधली. आणि एका दुपारी हेर्मराव आणि आणखी एकजण खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन आले आणि शिडीवर, बाळ झालं की शेजाऱ्यांनी आणायचा इथला तो शिडीएवढाच लांब मनुक्यांचा पाव. आमच्या मुलीसारख्या पाच-सहा जणी त्यावर एकामागे एक झोपल्या असत्या. मागून सगळं गाव. पाव कापायचा मान पहिल्या शेजाऱ्याचा, त्यामुळे मला लोणी लावायचं काम मिळालं. मी मोठा सुखात होतो, खोटं कशाला बोलू? हेस्टर वरच्या उंच पलंगावर राणीसारखी बसली होती, दोन-दोन बायका आळीपाळीने वर जात होत्या आणि तिचं हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

त्याच दिवशी साहेबांचा फोन आला. मधल्या त्या वाईट दिवसांत मी हेस्टरला न सांगता एक गोष्ट केली होती. बढती नको, पण आम्हाला परत डेल्फ्टला घ्या, माझी बायको इथे सुकून चाललीय, असं मी साहेबांना विनवलं होतं. साहेब म्हणाले, तुमचं काम झालं. जागा रिकामी आहे, पुढच्या महिन्यापासून या.

लोणी लावलेल्या पावाची ताटली घेऊन मी वर गेलो. बायका खाली उतरेपर्यंत थांबलो, पलंगाच्या कडेला (चढून) बसलो आणि हेस्टरला सगळं सांगितलं. बढतीवर पाणी सोडलं तेही सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"हे तू माझ्यासाठी केलंस?"

"अर्थात तुझ्यासाठी."

"किती चांगला आहेस रे तू," ती म्हणाली. तिने माझा हात हातात घेतला, गालाला लावला. मलाही भरून आलं. मग तिने ताटलीतला पाव उचलला, एक मोठा घास घेतला आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मग तू जा," ती म्हणाली. "शनिवार-रविवारी येत जा. पलंग उतरवायला इथे हेर्म आहेत."